तयारीसाहेबांचा प्रातिनिधिक पाय

तपासणी ही खोट शोधण्यासाठी असते, असा एक बालिश समज अजूनही काही लोकांत आढळतो. वास्तविक तपासणी ही 'तपासणी झाली' असे लिहिता यावे म्हणून असते. ज्या समाजाला हा फरक कळला तो प्रगत झाला. ज्याला कळला नाही, त्याच्या भिंतींवर अगदी तपासणीच्या दिवशीसुद्धा ओल दिसते.

या फरकावर एक संपूर्ण सरकारी कक्ष उभा होता. त्याचे नाव पूर्वतयारी कक्ष. इतर कार्यालयांच्या तपासण्या व्हायच्या आधी तिथे जाऊन त्यांची तयारी करून देणे, एवढेच त्याचे काम. (खुद्द या कक्षाची तपासणी कधीच झाली नाही, कारण तिची तयारी कोणी करायची हा प्रश्न वरच्या पातळीवर विचाराधीन होता.) कक्षाच्या प्रमुखांना सगळे तयारीसाहेब म्हणत. त्यांचे खरे नाव दारावरच्या पाटीवर होते. पण ती पाटी एकदा दुसऱ्या कार्यालयाने तपासणीपुरती उसनी नेली आणि ती काही परत आली नाही.

तयारीसाहेब आपल्या कामात वाकबगार होते. एखाद्या कार्यालयाच्या तपासणीची तारीख कळली की ते तिथे पोचत, हात मागे बांधून एक फेरी मारत आणि हळू आवाजात हुकूम सोडत. मोडक्या खुर्च्या गच्चीवर. फायली उंचीप्रमाणे लावायच्या, आत काय आहे ते बघत बसायचे नाही. कुंड्या शेजारच्या बँकेतून आणायच्या. ज्या कारकुनाला खरे बोलायची खोड आहे त्याला त्या दिवशी रजा. आणि सगळ्यात महत्त्वाची, प्रातिनिधिक खोली. अख्खी इमारत रंगवायला कोणाला सवड आहे? एकच खोली लख्ख करायची, तपासनीसाला तेवढीच दाखवायची, 'बाकीच्या अशाच आहेत' असे म्हणायचे आणि त्याचा खांदा धरून त्याला चहाकडे वळवायचे. ही पद्धत तयारीसाहेबांनी स्वतः बसवली होती. त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत एकही कार्यालय नापास झाले नाही. दोन कार्यालयांची छपरे कोसळली खरी, पण तीही उत्तीर्ण झाल्यानंतर.

अशा माणसाला मधुमेह झाला. दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे जो चोरपावलांनी येतो आणि मग घरचाच होऊन राहतो तो.

घरचे डॉक्टर वयाने आणि पेशंटांच्या गर्दीने थकलेले होते, पण त्यांनी समजावले मात्र नीट. शरीराला साखर धड वापरता येत नाही, म्हणून ती रक्तात साचते. गोळ्या रोज घ्यायच्या. चालणे रोज. खाणे मापात, तेही रोज. आणि पाय. पाय रोज बघायचे, कारण साचलेली साखर पायातल्या नसा बधिर करते, मग पायाला काही लागले तरी कळत नाही, आणि न कळलेली जखम चिघळली की पाय जातो. माणूस शिल्लक राहतो, पाय जातो. एवढे सांगून झाल्यावर ते म्हणाले की पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला उपाशीपोटी रक्त तपासून या.

तयारीसाहेबांची बायको शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती शाळेत गणित शिकवत असे. तिने पायाबद्दलचे वाक्य ऐकले आणि पर्समधल्या वहीत उतरवून घेतले. तयारीसाहेबांनी फक्त शेवटचे वाक्य ऐकले. त्यांना तारीख मिळाली होती. तारीख मिळाल्यावर घाबरायचे काय कारण?

अशा रीतीने मधुमेहाच्या व्यवस्थापनाला सुरुवात झाली. तारखेच्या आधीच्या काही दिवसांना तयारीसाहेब 'दक्षता काळ' म्हणत. दक्षता काळात चहा बिनसाखरेचा, पाव बंद, भात दोन घास, गोळ्या वेळेवर, आणि सकाळ-संध्याकाळ असे चालणे की गल्लीतली कुत्रीसुद्धा दमून बाजूला होत. तपासणीचा निकाल उत्तम येई. डॉक्टर कागदाकडे बघून मान डोलावत आणि पुढची तारीख देत. तिथून बाहेर पडले की तयारीसाहेब रस्ता ओलांडून समोरच्या बेकरीत जात. (रक्त तपासणाऱ्याच्या समोर बेकरी असावी हा नगररचनेचा अलिखित नियम दिसतो. त्यामागे मोठा विचार असला पाहिजे.) तिथे ते क्रीम लावलेला केक खात, कारण तपासणी पार पडली की तोंड गोड करायचे हा कक्षाचा रिवाज होता आणि तयारीसाहेब रिवाज मोडणाऱ्यांतले नव्हते. मग पुढच्या दक्षता काळापर्यंत गोळ्यांची बाटली कपाटात राही आणि चालायचे बूट पलंगाखाली.

लोक याला फसवणूक म्हणतील. तो त्यांचा अडाणीपणा. तयारीसाहेब डॉक्टरांना फसवत नव्हते. ते डॉक्टरांना, ज्याची डॉक्टरांनी मागणी केली होती तेच, म्हणजे चांगला निकाल, वेळेवर सादर करत होते. असा पेशंट मिळायला भाग्य लागते.

कार्यालयाने या काळात त्यांना एकटे पडू दिले नाही. कक्षात एकतीस कर्मचारी होते, त्यांपैकी एकोणतीस मधुमेहाचे तज्ज्ञ निघाले. (उरलेल्या दोघांना मधुमेह होता.) हिशेबनीस म्हणाला की कडू पाला चावून खा, कडवटपणा गोडाला मारतो, हे सरळ गणित आहे. टंकलेखिकाबाई दालचिनीच्या पाण्यावर ठाम होत्या. गाडीच्या ड्रायव्हरने उलटे चालायला सांगितले, त्याने साखर मागे पडते म्हणे, आणि त्याचा एक चुलता असा उलटा चालून पूर्ण बरा झाला होता. चुलता आता कुठे असतो असे विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला की तो गेला, पण मधुमेहाने नाही, उलटे चालताना. गोळी रोज घ्या, असे मात्र एकोणतीसपैकी कोणीही सुचवले नाही. इतके साधे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

मध्यंतरी तयारीसाहेबांच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. रात्री अंथरुणात पाय चुरचुरत, जणू कुणी बारीक वाळू चोळते आहे. त्यांनी पाय आपटून पाहिले, तेल लावून पाहिले, मुंग्यांकडे काणाडोळा करून पाहिले. आणि काय आश्चर्य, काही काळाने मुंग्या आपोआप बंद झाल्या. तयारीसाहेबांना समाधान वाटले. तक्रारदाराने पत्रे पाठवणे थांबवले की तक्रार निकाली निघते, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. तक्रारदार मेलाही असू शकतो, ही शक्यता कोणत्याच नियमात धरलेली नाही.

बायकोचे मात्र समाधान होईना. ती रोज संध्याकाळी म्हणे, "अहो, मोजे काढा, पाय बघू." तयारीसाहेबांना हे अपमानास्पद वाटे. पायांबद्दल नव्हे, पद्धतीबद्दल. सूचना न देता येणारी तपासणी ही तपासणी नसून धाड असते, आणि धाड चोरांवर घालतात. बऱ्याच कुरबुरीनंतर समझोता झाला. पाहणी होईल, पण रविवारी, आंघोळीनंतर.

रविवारी तयारीसाहेब डावा पाय कोमट पाण्याने धुवत, बोटांच्या बेचक्यांतून पुसत, नखे कापत, वर पावडर टाकत आणि घडी घातलेल्या टॉवेलवर, खिडकीच्या उजेडात, तो पाय मांडत. बायको चष्मा लावून खाली बसे. टाच बघे, तळवा बघे, बोटे एकेक करून फाकवून बघे. पाय खरोखर देखणा होता. मग ती म्हणे, "आणि दुसरा?"

"अगदी असाच आहे," तयारीसाहेब म्हणत, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून चहाचा विषय काढत.

एका नमुन्यावरून दुसऱ्याबद्दल काही ठरवू नये, हे गणिताच्या बाईंना कळत नव्हते असे नाही. शाळेत त्यांनी तेच शिकवले होते. पण इतका संसार झाल्यावर बायको नवऱ्याकडे पुरावा मागत बसत नाही. ती मांडी घालून बसलेली उठे, गुडघे दुखत म्हणून भिंतीचा आधार घेई आणि चहा टाकायला जाई. उजवा पाय मोज्यात राही.

त्याच सुमारास खात्याच्या मुख्य इमारतीची तपासणी निघाली. ही सर्वात मोठी तपासणी. तिच्यासाठी तयारीसाहेबांनी नवे काळे बूट घेतले, टणक आणि चकचकीत, ज्यांत स्वतःचा चेहरा दिसावा. प्रातिनिधिक खोलीत उसना गालिचा अंथरला होता, म्हणून आत जाताना त्यांनी बूट दाराशी काढले. दाराशेजारच्या फलकावर कर्मचारी नव्या सूचना टाचण्यांनी लावत होते. त्यांतली एक टाचणी पडली आणि उजव्या बुटात गेली. तयारीसाहेबांनी बाहेर येऊन बूट चढवला आणि दिवसभर तपासनीसाच्या पुढे-मागे फिरले. जिने चढले, जिने उतरले. तपासनीसाने जाता जाता म्हटले की या वयात तुमची चाल तरुणाला लाजवेल अशी आहे. पाय दुखणारा कोणताही माणूस इतका ताठ चालू शकला नसता. इमारत उत्तीर्ण झाली आणि केक आला.

घरी आल्यावर मोजा तळव्याला चिकटला होता. त्यावर तपकिरी डाग होता. तयारीसाहेबांनी तो बुटाच्या रंगाचा मानला. बुटात टाचणी सापडली तेव्हा त्यांना क्षणभर काहीतरी वाटले, पण पाय तर काहीच म्हणत नव्हता, आणि जो विभाग काहीच कळवत नाही तिथे सर्व आलबेल असते. करंगळीच्या मुळाशी त्यांनी एक पट्टी चिकटवली, वर धुतलेला मोजा चढवला, आणि टाचणी कार्यालयाची मालमत्ता असल्यामुळे दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिली. पुढच्या रविवारी डावा पाय नेहमीसारखा सादर झाला.

आता नशीब असे की त्याच महिन्यात घरचे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत एक तरुण डॉक्टरीणबाई आली. तिने जुने निकाल चाळले. प्रत्येक निकाल चांगला, आणि समोरच्या माणसाचे डोळे थकलेले, घसा कोरडा, वजन उतरलेले. तिने वेगळी तपासणी लिहून दिली. तयारीसाहेबांनी विचारले की तिच्या आधी किती दिवस पथ्य पाळायचे.

"काही पाळू नका. जेवून आलात तरी चालेल."

"मग तयारी?"

"ही तपासणी मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, काका. तयारी झाली असली तर होऊन गेलेली असते."

तयारीसाहेब सुन्न झाले. विज्ञान इतक्या खालच्या थराला जाईल असे त्यांना वाटले नव्हते. होऊन गेलेल्या दिवसांची तपासणी! त्यांनी सभ्यपणे विचारले की रक्त मागच्या तारखेने घेता येईल का. डॉक्टरीणबाई हसली नाही. तिने बूट-मोजे काढायला सांगितले. तयारीसाहेब म्हणाले की आजच्या भेटीत पायांचा उल्लेख नव्हता, तरी सहकार्य म्हणून ते डावा दाखवतील.

"दोन्ही," ती म्हणाली.

तयारीसाहेबांनी घड्याळाकडे बघितले आणि एक महत्त्वाची तपासणी असल्याचे सांगून ते उठले. दोन्ही पाय पुढच्या वेळी, नक्की. सरासरीची तपासणी त्यांनी तीन महिने पुढे ढकलली, म्हणजे तोवर तीन महिने नीट वागून दाखवता आले असते. विचार म्हणून हा उत्तम होता. तोच त्यांना पहिल्या दिवशी सांगितला होता. फक्त 'नीट वागणे कधीपासून' हे ठरायचे होते, आणि ते सोमवारपासून ठरले. कोणता सोमवार, ते ठरले नाही.

सोमवार येण्याआधी ताप आला. तयारीसाहेब दुपारी कार्यालयातून घरी आले, बुटासकट पलंगावर आडवे झाले आणि काहीतरी बडबडू लागले. कुंड्या परत करा, असे काहीसे. बायकोने बूट ओढून काढले. उजव्या बुटाबरोबर असा वास आला की तिने आधी खिडकी उघडली. मग तिने मोजा कात्रीने कापला. पट्टी कधीची निघून मोज्याच्या टोकाशी गोळा झाली होती. करंगळी काळी पडली होती आणि शेजारचे बोट तिच्या वाटेवर होते. तिने रुग्णवाहिका बोलावली आणि ती येईपर्यंत तो पाय मांडीवर घेऊन बसली. पाय गरम होता, आणि तिने त्यावर हात फिरवला तरी नवऱ्याला ते कळत नव्हते.

सर्जनने सांगितले की घोट्यापासून कापावा लागेल की बोटांवर भागेल, हे आत गेल्यावर कळेल. बोटांवर भागले. करंगळी आणि तिची शेजारीण. तयारीसाहेब शुद्धीवर आले तेव्हा बायको खुर्चीत बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ सादर करण्यासारखे काही नव्हते. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली, कारण ती रागावलेली नव्हती.

"मी दुसरा पाय मागायची आणि तुम्ही चहा मागायचात," ती म्हणाली. "मला कळत होतं. मला कळत होतं की काहीतरी आहे. मीच उठून चहा टाकायची."

तयारीसाहेबांनी पांघरूण बाजूला सारले आणि बँडेज बांधलेला पाय तिच्याकडे सरकवला. तिने तो चष्मा लावून बघितला. मग तिने डावा पायही बघितला, कारण आता तिला कशावरच विश्वास ठेवायचा नव्हता.

घरी आल्यावर तयारीसाहेब गोळ्या रोज घेऊ लागले, सोमवारीसुद्धा आणि मंगळवारीसुद्धा. यात काही गंमत नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही. मधुमेहाची खरी काळजी ही अशी कंटाळवाणी गोष्ट आहे. तिच्यात ना समारंभ, ना निकाल, ना केक. तिच्यावर गोष्ट लिहिता येत नाही आणि तिच्याबद्दल कोणी टाळ्या वाजवत नाही. बहुतेक लोक ती करत नाहीत याचे दुसरे काही कारण नसावे.

ते काठी टेकत कामावर रुजू झाले तेव्हा खात्याच्या वरिष्ठांनी आदेश काढला की या दुर्दैवी घटनेतून बोध घेतला जावा. बोध घेण्यासाठी दिवाणखान्याएवढे सभागृह, एक माईक आणि कापडी फलक मंजूर झाला. 'मधुमेह: समज आणि व्यवस्थापन' असा विषय ठरला, वक्ते तयारीसाहेब. एकतीस कर्मचाऱ्यांची उपस्थिती सक्तीची होती, त्यामुळे ती उत्स्फूर्त होती.

तयारीसाहेब माईकपाशी गेले. त्यांच्या हातात कागद नव्हता. खुर्चीवर बसून त्यांनी बूट काढला, मोजा काढला आणि उजवा पाय समोरच्या टेबलावर ठेवला. धुतलेला नव्हता. पावडर नव्हती. तीन बोटे आणि मग जिथे दोन असायला हवी होती तिथे शिवणीची गुलाबी रेघ. पहिल्या रांगेतल्या टंकलेखिकाबाईंनी तोंडावर रुमाल धरला.

"हा मी कुणाला दाखवला नाही," तयारीसाहेब म्हणाले. "बायकोला नाही, डॉक्टरला नाही. मी स्वतःसुद्धा नीट बघितला नाही. आज घरी गेलात की आपापले बघा. दोन्ही. आणि रक्त तपासायचं असेल तर उद्याच जा, असेच, उठून." एवढे बोलून त्यांनी मोजा चढवायला घेतला. मोजा शिवणीपाशी अडकत होता, आणि मदत करावी की करू नये ते कोणालाच कळत नव्हते.

भाषणाचा परिणाम मोठा झाला. सभागृहात अशी हळहळ पसरली की हिशेबनिसाने डोळे पुसले. मग तो शेजारच्या ड्रायव्हरच्या कानाला लागला आणि म्हणाला, "ऐकलंस ना? तुझ्यासाठीच होतं हे." ड्रायव्हर गंभीरपणे हो म्हणाला आणि मागे वळून टंकलेखिकाबाईंच्या सहायकाकडे अर्थपूर्ण नजरेने बघू लागला, कारण तो दिवसाला सहा वेळा चहा पितो. सहायकाला वाटले की हे सगळे आवक-जावकवाल्यांनी ऐकायला हवे होते. आवक-जावकवाले ऐकतच होते, आणि ऐकता ऐकता त्यांना आपला मेव्हणा आठवत होता. वरिष्ठांनी नंतर विचारले की या व्याख्यानाचा सर्वाधिक उपयोग कोणाला होईल. एकतीस कर्मचाऱ्यांनी एकतीस नावे सुचवली, आणि त्यांत स्वतःचे नाव कोणीही सुचवले नाही. इतकी परोपकारी वृत्ती एका छताखाली क्वचितच आढळते. मग सर्वांना केक वाटण्यात आला.

वाचकहो, तुमचे तसे नाही हे उघड आहे. तुम्ही समजूतदार आहात, म्हणून तर इथपर्यंत आलात. आणि वाचता वाचता एव्हाना तुमच्या डोळ्यांसमोर कोणीतरी उभे राहिलेच असेल. थोरला भाऊ असेल, साडू असेल, कार्यालयातला पलीकडच्या टेबलावरचा माणूस असेल, जो सांगूनही ऐकत नाही. ही गोष्ट त्याला वाचायला द्यायची, असे तुम्ही मनाशी पक्के करून टाकले असेल. जरूर द्या. तो ती हातात घेईल, पहिले दोन परिच्छेद बघेल आणि नम्रपणे तुम्हाला परत करेल. त्याची ती कालच वाचून झाली आहे, आणि वाचताना त्याला तुम्ही आठवलात.